लिंबाच्या सरबतात काकडी घाला, आणि पिंप चौकात ठेवा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत उन्हाळ्याचं पान होतं, त्यात एका बाजूला उष्माघात कसा टाळायचा याची माहिती, म्हणजे भरपूर पाणी प्या, सुती कपडे घाला, दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, आणि त्याच्याच शेजारी थंडगार पेयांच्या पाच रेसिपी, त्यातल्या तीनमध्ये बाटलीतलं रंगीत सिरप आणि वरून सोडा. मी लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हापासून तुमचाच पेपर वाचते आणि आजपर्यंत कधी पत्र लिहिलं नाही, पण ते पान वाचल्यापासून मनाला चैन नाही म्हणून आज लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, जागा कमी पडली तर माझं बाकीचं कापा, सरबताचं माप तेवढं कापू नका.

दुपारी बाहेर पडू नका हे आपण नेमकं कोणाला सांगतोय? आमचे मिस्टर ऑटो चालवतात, त्यांचा खरा धंदाच दुपारचा, कारण दुपारच्या गाडीनं स्टेशनवर उतरलेला माणूस उन्हात पायी जात नाही, ऑटोच शोधतो. आमच्या गल्लीत एक पोरगा कुरिअरची डिलिव्हरी करतो, दोघी जणी बांधकामावर जातात, समोरच्या घरातली सून आशा वर्कर आहे, तिला घरोघरी फिरावंच लागतं. ही माणसं दुपारी घरात बसली तर संध्याकाळी गॅस पेटणार नाही. त्यांना बाहेर जाताना काय प्यायचं, सोबत काय न्यायचं, आणि रस्त्यावर तहान लागली तर काय घ्यायचं आणि काय नाही, हे नीट मापासकट सांगायला पाहिजे. तसं सांगणारं पान मला अजून कुठे दिसलं नाही.

हे मी एवढ्या तळमळीनं का लिहिते ते सांगते. २०२४ चा मे महिना आठवा, अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला होता आणि उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं, दुपारचे क्लास बंद ठेवा, कामगारांना पाणी आणि सावली द्या असे आदेश निघाले होते. त्याच आठवड्यात एके दिवशी हे संध्याकाळी घरी आले ते ऑटोतून उतरायलाच तयार नाहीत. दोन्ही पायांच्या पोटऱ्यात असे गोळे आलेले की हात लावू देईनात, डोकं ठणकतंय, मळमळतंय, आणि सकाळपासून लघवीला फक्त एकदा गेलो आणि ती पण पार गडद झाली म्हणाले. मी विचारलं दिवसभर काय प्यालात, तर चार वेळा चहा, एक मोठी कोल्ड्रिंकची बाटली, आणि एका कार्यक्रमाच्या मांडवात दोन ग्लास लिंबू सरबत. ते सरबत कसं होतं विचारलं तर म्हणाले पिवळंधमक होतं, लिंबाची एक बी पण दिसली नाही, ड्रममध्ये पुडी फोडून हलवत होते. म्हणजे पावडर, रंग आणि साखर. त्यात लिंबू पण नाही आणि मीठ पण नाही. डॉक्टरांनी दोन सलाईन लावल्या आणि मला समजावून सांगितलं की घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठ पण जातं, आणि मीठ भरून निघालं नाही की असे गोळे येतात, मग वरून कितीही पाणी ढोसा, उपयोग होत नाही, उलट त्रास होऊ शकतो. ते थोडक्यात वाचले. पण २०२३ च्या १६ एप्रिलला खारघरच्या मैदानावर भर उन्हात कार्यक्रम झाला आणि १४ माणसं गेली, आणि तिथलं तापमान तर आपल्या अकोल्याच्या मानानं कमीच होतं. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्यामुळे ४५ चा आकडा नसला तरी माणूस जातो. कोकणातल्या आणि मुंबईच्या वाचकांनी हे खास लक्षात ठेवावं.

त्या दिवसानंतर मी माझ्या आईचं सरबत परत सुरू केलं. माझं माहेर पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. ज्यांना खारपाणपट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. लहानपणी आमच्याकडे लिंबाचं सरबत केलं की ते पाण्यामुळे मचूळ लागायचं, कितीही साखर घाला. म्हणून आई काय करायची, नदीच्या पात्रातल्या वाडीवरून काकड्या यायच्या त्या किसून फडक्यात पिळायची आणि अर्धं पाणी आणि अर्धा काकडीचा रस असं सरबत करायची. काकडीत शंभरात ९५ भाग पाणीच असतं, आणि ते पाणी गोडं. म्हणजे आमच्या घरी काकडी ही चवीची भाजी नव्हती, ती आमची गोड्या पाण्याची सोय होती. आणि आई त्यात वरून मीठ जवळजवळ घालायचीच नाही, कारण मीठ विहिरीच्या पाण्यातच होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजपण त्या पट्ट्यातल्या ज्या गावांत बोअरचं खारं पाणी पितात त्यांनी माझ्या मापातलं मीठ जसंच्या तसं घालू नये, निम्म्यानं घालून चाखून बघावं.

आता माप. एक लिटरला दोन मध्यम काकड्या, साधारण ३०० ग्रॅम, तीन रसदार कागदी लिंबं, पुदिन्याची दहाबारा पानं, अर्धा इंच आलं, साखर सपाट चार मोठे चमचे म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, तेवढाच गूळ चालतो, फक्त रंग मातकट येतो, चव मात्र मला गुळाचीच आवडते. मीठ चहाच्या चमच्यानं सपाट अर्धा चमचा, साधं किंवा सैंधव, आणि भाजून कुटलेलं जिरं दोन चिमटी. एवढंच. चाट मसाला घालायचा असेल तर मीठ कमी करा, त्यात मीठ असतंच.

पण मापापेक्षा करायची रीत महत्त्वाची आहे, कारण सरबत कडू झालं म्हणून सोडून दिलेल्या बायका मला बऱ्याच भेटल्या. पहिली गोष्ट काकडी चाखल्याशिवाय घ्यायची नाही. देठाकडचं दोन बोटं टोक कापून टाकायचं आणि त्याच्या लगतची चकती खाऊन बघायची, कडवटपणा असला तर तो देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो. चकती कडू लागली तर ती अख्खी काकडी बाजूला, एक काकडी वाचवायला जाऊ नका, सगळं पातेलं जातं. दुसरी गोष्ट मिक्सर. मिक्सर लावला तरी चालतो पण लिंबू मिक्सरमध्ये घालायचं नाही, साल आणि बी भरडली की दहा मिनिटांत सरबत कडू. मी काकडी किसणीवर किसते, किसावर ते अर्धा चमचा मीठ टाकून हलवते आणि पाच मिनिटं तसाच ठेवते, किस आपोआप पाणी सोडतो, मग पांढऱ्या पंचाच्या फडक्यात घेऊन पिळते. सकाळी साडेपाचला ओट्यापाशी हे करताना जो वास सुटतो ना काकडीचा, त्यानं झोप उडते. फडकं पिळलं की बोटांच्या फटीतून फिक्कट हिरवं पाणी येतं, पहिल्यांदा धार लागते, मग थेंब थेंब, शेवटचं पिळताना मनगट दुखतं पण तो शेवटचा रसच सगळ्यात हिरवा असतो. खाली जो चोथा उरतो तो फेकायचा नाही, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, मिरची, कोथिंबीर घालून थालीपीठ लावायचं, आमच्या घरी सकाळचा डबा त्यातच होतो.

पुदिना वाटायचा नाही. वाटला की सरबत काळपट होतं आणि घशाला चरचरतं. पानं तळहातावर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं एक टाळी मारायची, तेवढ्यानं वास मोकळा होतो, मग ती पानं तशीच सरबतात सोडायची. आलं किसून पिळायचं, आणि आल्याचा रस वाटीत दोन मिनिटं ठेवला तर तळाला पांढरं सत्त्व बसतं, ते सोडून वरचा रस घ्यायचा. साखर काकडीच्या रसात आधी पूर्ण विरघळवायची. लिंबू सगळ्यात शेवटी, ओट्यावर तळहाताखाली दाबून गोल फिरवून मऊ करायचं आणि गाळणीवर पिळायचं म्हणजे बिया वरच राहतात. मग माठातलं पाणी घालून लिटर पुरं करायचं. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असेल तर बघायलाच नको. पण सरबत माठात साठवू नका, आंबट माठात मुरतं आणि माठ खराब होतो, आणि तांब्यापितळेच्या भांड्यात तर अजिबात नाही, त्यात ते कळकतं. स्टील किंवा काच, बस.

काकडीचा रस टिकत नाही हे पण लक्षात ठेवा. उन्हात नेलेली बाटली चारपाच तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची, झाकण उघडल्यावर आंबूस वास आला तर प्यायची नाही. आमचे हे आता दोन बाटल्या नेतात, एका स्टीलच्या बाटलीत सरबत, बाटलीवर जुनी सुती मोजा ओली करून चढवलेली, आणि एक साध्या पाण्याची. अकोल्याच्या कोरड्या झळांमध्ये ती ओली मोजा कूलरसारखं काम करते.

बाकीच्या भाज्यांचं सांगायचं तर मी बऱ्याच करून बघितल्या. कोहळा उत्तम, पेठ्याचा कोहळा असतो तोच, किसून पिळला की भरपूर रस, स्वतःची चव फारशी नाही, त्यामुळे लिंबू आणि आलं छान उठून दिसतं, आणि काकडी महाग झाली की मी सरळ कोहळ्यावर जाते. टोमॅटो, लिंबू आणि काळं मीठ पण चांगलं लागतं. कोथिंबिरीचे देठ आपण फेकून देतो, ते ठेचून पुदिन्यासोबत टाकले तर वेगळाच ताजेपणा येतो. बीटाची एकच पातळ चकती लिटरभर सरबताला पुरे, गुलाबी रंग येतो आणि तो लिंबामुळे आणखी खुलतो, रंगीत बाटलीसाठी हट्ट करणारी पोरं हे पितात. फक्त बीट पोटात गेलं की दुसऱ्या दिवशी लघवीला लालसर झाक दिसू शकते, घाबरू नका. मुतखडा आहे त्यांनी बीट आणि पालक टाळावं. गाजराचं सरबत मी उन्हाळ्यात करत नाही, चांगली गाजरं थंडीची, मे महिन्यातली लाकडासारखी असतात, त्यात रस नाही.

दुधीबद्दल मात्र हात जोडून सांगते. तब्येतीसाठी म्हणून कच्च्या दुधीचा रस पिण्याची टूम निघाली आहे. दुधी कडू निघाला तर तो नुसता बेचव नसतो, विषारी असतो, कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, समितीनं पण हा विषय तपासून लोकांना सावध केलं होतं. कडू लागलं तर एक घोट पण गिळायचा नाही, लगेच थुंकायचं. लिंबू साखरेनं तो कडूपणा झाकला जातो आणि तिथेच घात होतो, म्हणून मी सरबतात दुधी घालतच नाही, कोणी सांगितलं तरी घालू नका.

आता तुमच्या पानावरच्या सोड्या-सिरपाबद्दल. मी कोणत्याच कंपनीचं नाव घेत नाही, दुकानात गेल्यावर कुठलीही गोड कोल्ड्रिंकची बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा, १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर सापडेल. माझ्या सरबतात ती निम्मी आहे. शिवाय कोल्ड्रिंकमध्ये मीठ नावालाच असतं, म्हणजे घामावाटे जे गेलं ते सोडून भलतंच पोटात येतं. टेट्रापॅकमधल्या फळांच्या पाण्यावर तर ओआरएस असं छापून मेडिकलच्या काउंटरवर ठेवायचे आणि जुलाब झालेल्या लेकरांना आया ते पाजायच्या, मी पण पाजलंय, खोटं कशाला बोलू. २०२५ च्या ऑक्टोबरात देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, एफएसएसएआयनं, हे थांबवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसेल तर ओआरएस हा शब्द वापरायचा नाही म्हणून आदेश काढला, फार बरं झालं. ते खरं सूत्र म्हणजे लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड. काय साधी गोष्ट आहे बघा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बोनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाईकांच्या हातानं रुग्णांना पाजलं आणि हजारो जीव वाचले, त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं २०२३ साली. साखर का लागते तर आतड्यातून मीठ आत शिरायला साखरेचा हात धरावा लागतो, आणि मीठ गेलं की त्याच्यामागे पाणी जातं, पण साखर फार झाली की काम उलटं होतं. म्हणून मी चार चमच्यांच्या वर जात नाही. आणि हे पण स्पष्ट लिहिते की माझं सरबत म्हणजे ओआरएस नाही. जुलाब उलट्या होत असतील तर मेडिकलमधून पुडी आणा आणि ती पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. डायबेटिस असलेल्यांनी साखर घालूच नये, बीपी आणि किडनीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरला विचारावं. आणि उन्हात कोणी बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात सरबत, पाणी काहीच ओतायचं नाही, ठसका लागून जीव जाईल, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

आता लिंबाच्या भावाचं. दरवर्षी एप्रिल उजाडला की लिंबू दहा रुपयाला एक होतं आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये तर अनेक शहरांत किलोचा भाव तीनशेच्या वर गेला होता, आणि लोक म्हणतात व्यापारी लुटतात. व्यापाऱ्यांचं मला माहीत नाही, पण आमच्याकडे लिंबाची झाडं होती म्हणून सांगते, लिंबाला तीन बहार येतात, म्हणजे वर्षातून तीनदा फुलोरा. आंबे बहाराची लिंबं पावसाळ्यात निघतात आणि तीच सगळ्यात जास्त, मृग बहाराची थंडीत, आणि ऐन उन्हाळ्यात जी लागतात ती हस्त बहाराची, ती जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे जेव्हा सगळ्या देशाला लिंबू पाहिजे तेव्हाच झाडावर लिंबू नसतं. हस्त बहार धरायचा तर पावसाळा संपत येताना पावसातच झाडाला ताण द्यावा लागतो, आभाळातून पाणी पडत असताना झाड तहानलेलं कसं ठेवणार, शेतकऱ्याचं हे दुखणं कोणी लिहीत नाही. बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावची लिंबं सगळीकडे जातात, तिथे पावसाळ्यात भाव इतका पडतो की तोडणीची मजुरी निघत नाही. मग मी काय करते, जुलै ऑगस्टमध्ये पाच किलो लिंबं घेते, रस काढून गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि ते खडे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवते. एक खडा म्हणजे साधारण एक लिंबू. एप्रिल मेमध्ये दहा रुपयाचं लिंबू घ्यायची वेळ फार कमी येते. साली वाया जात नाहीत, मीठ हळद लावून उन्हात ठेवल्या की लोणचं.

आणि बर्फ. रस्त्यावरच्या सरबताची भीती काकडी लिंबाची नाही, पाण्याची आणि बर्फाची आहे. लादीचा बर्फ मासळी न् भाजीपाला गार ठेवायला बनवलेला असतो, तो खायचा नसतो, म्हणून तर २०१८ पासून आपल्या राज्यात खायच्या नसलेल्या बर्फाला निळा रंग टाकायचा नियम झाला. पेल्यातला बर्फ निळसर दिसला तर पेला खाली ठेवा. पण पांढरा दिसला म्हणून तो चांगलाच असं पण नाही, नियम सगळे पाळतातच असं कुठे आहे. २०१९ मध्ये कुर्ला स्टेशनवर घाणेरड्या पद्धतीनं सरबत बनवतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि मध्य रेल्वेनं स्टेशनवरच्या उघड्या सरबतावर बंदी घातली होती. बंदी घातली ते समजू शकते, पण बंदी घातल्यावर त्या जागी प्रवाशाच्या हातात काय आलं, तर कोल्ड्रिंकच. लिंबाचं चांगलं सरबत मिळायला पाहिजे होतं, ते कोणी पाहिलं नाही.

म्हणून मी धरून आमच्या बचत गटातल्या आठ जणींनी मागच्या उन्हाळ्यात ऑटो स्टँडपाशी कडुनिंबाखाली एक पिंप ठेवलं. पाणपोई तिथे आधीपासून होतीच, माठ पुढे, तुटकं झाकण, साखळीला बांधलेला ग्लास, तुम्ही पाहिली असेल. आम्ही तिच्या शेजारी वीस लिटरचं नळ असलेलं स्टीलचं पिंप ठेवलं, त्याला ओलं पोतं गुंडाळलं, पाणी उकळून गार केलेलं, बर्फ नाही. वीस लिटरचा हिशोब असा, सहा किलो काकडी ३० रुपयानं १८०, साठ लिंबं ५ रुपयानं ३००, किलोभर साखर ४५, पुदिना आलं जिरं मीठ मिळून ४०, एकूण ५६५. ग्लास झाले शंभर. म्हणजे सहा रुपयाच्या आत ग्लास पडतो, आणि गोठवलेला रस वापरला त्या दिवशी तर चारच रुपये पडले. सकाळी दहाला पिंप ठेवलं की दीडच्या आत रिकामं. पहिल्या दिवशी ऑटोवाले विचारत होते ताई याच्यात हे हिरवं काय टाकलं, चौथ्या दिवसापासून ते स्वतःच पोत्यावर पाणी मारायला लागले. एक म्हातारे गृहस्थ रोज हातगाडी घेऊन यायचे, पेला दोन्ही हातात धरून निंबाच्या बुंध्याला टेकून हळूहळू प्यायचे, घाई नाही, पिऊन झालं की पेला स्वतः धुवून पालथा घालायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला दोन किलो काकड्या आणून दिल्या, घ्यायला लागल्या, नाही म्हणता आलं नाही.

आमच्याकडून २३ दिवस झालं. पैसे संपले म्हणून थांबलं, मन संपलं नव्हतं. शहरात इतक्या पाणपोया आहेत, प्रत्येकीवर कोणाच्या ना कोणाच्या नावाचा बोर्ड आहे, फोटो आहे, उद्घाटनाच्या दिवशी फीत पण कापली जाते. त्या बोर्डाच्या खर्चात किती दिवसांचं सरबत निघेल याचा हिशोब मी वर दिलाच आहे. नेत्यांच्या वाढदिवसाला, लग्नाच्या वरातीत, कार्यक्रमाच्या मांडवात पुडीतलं पिवळं पाणी वाटू नका, खरं लिंबू पिळायला दोन बायकांना मजुरी द्या, तेवढाच त्यांना रोजगार. शाळांनी पण हे करावं, एप्रिलच्या परीक्षेला पोरं घामानं भिजून बसलेली असतात.

तर साहेब, तुम्हाला एकच विनंती. पुढच्या रविवारी ते एक लिटरचं माप आणि वीस लिटरचं माप, दोन्ही, चौकटीत छापा, कापून भिंतीला चिकटवता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि मिठाच्या मापाखाली खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठीची सूचना विसरू नका. ज्या मंडळाला किंवा गटाला पिंप ठेवायचंय त्यांना पहिल्या दिवशी आम्ही आठ जणी येऊन करून दाखवू, तुमच्या ऑफिसात माझा नंबर देऊन ठेवलाय, तो छापू नका, पण कोणी विचारलं तर द्या.

यंदाचं आमचं पिंप सोमवारी ठेवतोय. वाडेगावची लिंबं काल आली, पातळ सालीची आहेत, आज रात्री निवडायला बसणार.

आपली,
अकोल्याहून एक नेहमीची वाचक